मागच्या चाकांचे यंत्र वन्संनाच का

मी खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, चष्म्याच्या काचा घासण्याच्या कामातून निवृत्त, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता (दडपण आणणारे दोघेही, मुलगा आणि नणंद, बाहेरच्या खोलीत चहा पीत आहेत) माझ्या मागे कोणाला काय मिळावे हे लिहून ठेवते.

१. राहते घर व बँकेतील शिल्लक माझ्या एकुलत्या एका मुलाची. मात्र घरामागच्या उतारावरच्या हिरवळीवर त्याने फरशी घालू नये. माझ्या गुडघ्याचे ऑपरेशन झाल्यावर "आई, ते गवत कापायचं ढकलायचं मशीन तुला आता झेपणार नाही, फरशी घालू, कटकट मिटेल," म्हणत तो गवंडी घेऊन आला होता. काळजीपोटीच, हे मान्य.

२. काचा घासण्याची हत्यारे आमच्या चष्म्याच्या दुकानातल्या नव्या कारागीर मुलीला. त्या दुकानाच्या मालकाला काहीही नाही. कारण त्याला माहीत आहे.

३. गवत कापण्याचे यंत्र माझ्या थोरल्या नणंदेला, म्हणजे शेजारच्या वन्संना. दोन घरांमधली गवताची पट्टी कोणी कापायची यावरून आमचा अबोला होता. यजमान गेल्यावरही तो सुटला नव्हता. पण गवंडी दिसताच वन्सं कुंपणावरून ओरडल्या, "माझ्या भावानं लावलीय ती हिरवळ! फरशी घातलीस तर तोंड बघणार नाही तुझं."

"आत्ता कुठे बघताय?" मी म्हटले.

त्यांना हसू फुटले. दुसऱ्याच दिवशी आम्ही दोघी गवत कापण्याच्या यंत्रांच्या दुकानात.

ढकलावे न लागता स्वतःच्या जोरावर चालणारे, आपण फक्त दांडी धरून मागे जायचे, असे यंत्र हवे होते. वन्संना पुढच्या चाकांना जोर असलेले पसंत पडले, कारण ते वळायला सोपे. मला मागच्या चाकांचे हवे होते. दुकानदाराने दुकानामागच्या गवताळ चढावर दोन्ही चालवायला दिली. मागे लावलेली कापलेल्या गवताची पिशवी भरली तसा भार मागे गेला आणि वन्संच्या आवडत्या यंत्राची पुढची चाके जागच्या जागी फिरू लागली. दुसरे मात्र सरसर चढले, वन्संना घेऊनच.

"आजी, दांडी सोडा, आपोआप थांबेल!" दुकानदार ओरडला.

"सोडू कशी? उलटं खाली येईल ना!" म्हणत वन्सं पार वरपर्यंत गेल्या. हसून हसून माझे टाके दुखले.

तेच घेतले. बॅटरीवर चालते, सुरू करायला दोरी ओढावी लागत नाही, वेगही कमी करता येतो. माझ्या चालीने चालणारे या घरात ते पहिलेच. यजमान नेहमी पुढे जाऊन कोपऱ्यावर घड्याळ बघत उभे असत.

आता चढ मी कापते, सपाटी वन्सं. पट्टी कोण कापते, हे दोघींनाही सांगता यायचे नाही. कुंपण काढले, त्याच्या काठ्यांवर टोमॅटो चढवले.

साक्षीदाराची सही करायला वन्सं पेन उघडूनच आत आल्या. ज्याला काही मिळायचे त्याने साक्षीदार होऊ नये, असे मृत्युपत्र तपासायला आलेल्या वकिलांनी सांगितले.

"मग नको मला मशीन. ही गेल्यावर मी एकटीनं काय करू त्याचं?" वन्सं म्हणाल्या.

  मी त्यांच्या हातातून पेन काढून घेतले; कलम तीन तसेच राहिले.

साक्षीदार: १. यंत्राचा दुकानदार (सही) २. गुडघ्याचे डॉक्टर (सही, वाचता येत नाही)

स्थळ: राहते घर
दिनांक: १४ मार्च
लिहून देणार: (सही)