जिन्यातली बाळगाडी

ता. ४ जून

ती. ताईस, सा. न.

तू लावून दिलेलं स्वयंपाकघर मी पुन्हा माझ्या मनासारखं लावलं, रागावू नकोस. या इमारतीतली माणसं फार भली आहेत गं. लिफ्ट धरून ठेवतात. खालच्या मजल्यावरची बाई दारापाशी बाळगाडी ठेवायची, मी अडखळू नये म्हणून तिने ती आपणहून आत नेली. आणि कुणी काही विचारत नाही. बाळ गेल्यापासून पहिल्यांदाच मी ‘ती बिचारी’ नाही, नुसती तिसऱ्या मजल्यावरची बाई आहे. याचसाठी तर घर बदललं. हेही आता जेवताना बोलतात.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

बबडी

ता. ११ जून

चि. बबडीस, अ. उ. आ.

जीव भांड्यात पडला. डब्यांना झाकणं तरी लावतेस ना, की तीही तुझ्या मनासारखी? तळमजल्यावरच्या शिंपीणबाई मला अगदी आपल्यातल्या वाटल्या. काही लागलं तर त्यांना हाक मार.

तुझी खुशाली आली की माझं पोट भरतं, एवढं ध्यानात असू दे.

ताई

ता. २३ जून

ताईस,

आज नमस्कार लिहवत नाही.

पडदे शिवायला टाकायचे म्हणून शिंपीणबाईंकडे गेले. मशीनवर इवलंसं झबलं होतं. मला बघताच त्यांनी घाईघाईने त्यावर कापड ओढलं. का, म्हणून विचारलं, तर आधी टाळाटाळ, मग डोळ्यांत पाणी. म्हणाल्या, तुमच्या ताईंनी हात धरून सांगितलंय, हिच्यासमोर लेकराचं काही दिसू देऊ नका. त्यांनी मग सगळ्या इमारतीला सांगितलं. म्हणजे ती गाडी माझ्या पायांसाठी हलवली नव्हती.

इथे चकार शब्द काढू नकोस, अशी शपथ घातली होती तुला. तू माझ्या डोक्यावरून हात फिरवून हो म्हणालीस आणि तशीच खाली गेलीस. आता लिफ्टमध्ये कुणी नुसतं हसलं तरी वाटतं, याला किती माहीत असेल?

परकी माणसं मिळाली होती गं मला. तीही तू काढून घेतलीस.

बबडी

ता. १ जुलै

चि. बबडीस, अ. उ. आ.

चुकलं माझं. पण पहिल्या दिवशी ती गाडी बघून तू भिंतीला टेकलीस, ते मी पाहिलं होतं. तुला कुणाच्या तरी ओटीत घातल्याशिवाय माझा पाय निघेना. शिव्या दे, पण पत्र लिही. पुढच्या महिन्यात येऊ का?

ताई

ता. १४ जुलै

ती. ताईस, सा. न.

राग गेलेला नाही. पण सांगायला दुसरं आहे कोण?

समोर नवीन बिऱ्हाड आलंय. काल त्या बाईची किल्ली कुलपात अडकली. मी जिना चढून आले, तर तिने माझ्याकडे धड न बघताच कडेवरचं पोर माझ्या हातात कोंबलं. म्हणाली, धरा हो जरा याला, लाळ फार गाळतो. पडदे द्यायला आलेल्या शिंपीणबाई घाबरून पुढे धावल्या. मी मानेनेच नको म्हटलं. कुलूप निघेपर्यंत उभी होते. खांदा पार ओला झाला. रडले, पण नंतर, आपलं दार लावून.

तू ये. डबे तुझ्या मनासारखे लाव हवं तर. फक्त समोरचं दार वाजवू नकोस.

बबडी