साडेपाच फूट

दहिवली, कर्जत
ता. ९ फेब्रुवारी १९४७

मुंबईच्या छोट्या आगगाड्यांच्या मंडळाचे सेक्रेटरीसाहेब,

नमस्कार मागाहून करीन, आधी ऐका.

आमच्या ह्यांनी तीन वर्षं खपून केलेलं पितळेचं इंजिन तुम्ही प्रदर्शनातून परत पाठवलंत. चिठ्ठीत लिहिलंत, गेज, म्हणजे दोन बाजूंच्या चाकांमधलं अंतर, चुकलंय, चाकं मंडळाच्या रुळांवर बसत नाहीत, चाकं जोडणारा आस कापून आखूड करा.

साहेब, काही चुकलेलं नाही. हे कर्जतच्या रेल्वे इंजिनांच्या शेडात फिटर आहेत. स्टेशनाच्या टोकाला आम्ही दोघांनी रूळ मोजलेत, टेपचं एक टोक मी धरलं होतं. दोन रुळांमध्ये साडेपाच फूट भरले. त्याच प्रमाणात ह्यांनी इंजिन लहान केलं. तुमचे रूळ विलायतेच्या मापाचे, तिथली गाडी अरुंद रुळांवर धावते. आमची गाडी तिथं मावत नाही, तर आस आम्ही कापायचा?

पण हे म्हणाले, "मंडळाचा नियम हाय गं. आपुन कोन सांगनार?" आणि करवत घेऊन बसले.

मी इंजिन फडक्यात गुंडाळून तांदळाच्या कणगीत पुरलंय. दोन दिवस हे सगळं घर धुंडाळतायत.

हे पत्र मी पेटीत टाकणार नाही. टाकलं तर तुमचं उत्तर येईल, आणि ते वाचून हे पुन्हा करवत उचलतील. त्यापेक्षा आज ह्यांनाच सांगते, अंगणात आधी आपल्या मापाचे रूळ घाला, मग कणगी उघडते.

टेपचं दुसरं टोक धरणारी,
बायजा