मोहाखालचा ठिपका माझ्या नावावर करण्याबाबत

प्रति,
मा. वनपरिक्षेत्र अधिकारी साहेब,
वनपरिक्षेत्र कार्यालय, सावरखिंड,
जि. यवतमाळ

विषय : उपग्रहाने दाखवलेली आग श्रीमती धुरपताबाई राठोड यांच्या नावावरून काढून माझ्या नावावर चढवण्याबाबत.
संदर्भ : १) धुरपताबाईंना मिळालेली नोटीस. २) मी सही केलेला पंचनामा.

महोदय,

मी मौजे मोहझरी येथे भूगोलाचा शिक्षक व वन समितीचा अध्यक्ष आहे. पुढील मजकूर लिहिताना लाज वाटते. अर्जात तिच्यासाठी वेगळी जागा नसल्याने ती मजकुरातच समाविष्ट केली आहे.

१. मोह वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात आणि त्यातून गवताच्या रानाला वणवा लागतो. यंदा मी तांड्यावर लॅपटॉप नेऊन उपग्रहाची चित्रे दाखवली. वरून सगळे दिसते, वरचा डोळा खोटे बोलत नाही, असे ठासून सांगितले. लोकांनी ऐकले. आमचे रान वाचले.

२. या यशाबद्दल दि. २३ मार्च रोजी मी नाल्याकाठच्या मारुतीजवळ रोडग्यांचे गावजेवण ठेवले. वणव्याचा हंगाम जूनपर्यंत असतो. समितीतले देवराव म्हणालेही, "मास्तर, पोरगं होयाच्या आंधीच बारसं करून राह्यले काय?" मी हसलो. भर दुपारी रोडग्यांचे कणकेचे गोळे भाजायला गोवऱ्यांचा ढीग पेटवला, ज्वाळा कळसाला टेकल्या आणि नेमका तेव्हाच उपग्रह वरून गेला. आपण संध्याकाळी आलात तोवर निखारे राखेखाली होते. आपण रोडगे वाखाणून वांग्याची भाजी पुन्हा मागून घेतली. ही बाब केवळ पुरावा म्हणून नमूद. अन्य हेतू नाही.

३. उपग्रहाला आग कित्येक एकरांच्या चौकोनात दिसते आणि ठिपका तो चौकोनाच्या मधोमध ठेवतो. मधोमध, नाल्यापलीकडे, धुरपताबाईंचा मोह आहे.

४. दुसऱ्या दिवशी वनरक्षक तेथे आले. झाडाखाली राख नव्हती. जमीन अंगणासारखी झाडलेली होती. तरीही "पाला जाळल्याचे दिसून आले" या ओळीखाली मी पंच म्हणून सही केली. राख नाही म्हणावे तर उपग्रह खोटा ठरतो, आणि उपग्रह खोटा ठरला की मी. गोवऱ्यांची आठवण मला सही करतानाच झाली होती. पेन थांबले नाही.

५. धुरपताबाई झाडू घेऊन माझ्या ओसरीवर आल्या. "मास्तर, तुमी म्हनलं जाळू नका, त म्या रोज झाडून येचलं. आता न लावलेली आग मले कायले चिकटवता? अन् त्या टायमाले मी कुठी होती, तुमाले मालूम नाही काय?"

मालूम होते. त्या मारुतीजवळ रोडगे वळत होत्या. आपण वाखाणलेले रोडगे त्यांच्याच हातचे.

नोटिशीमुळे त्यांना झाडाखाली जाण्यास मनाई आहे. फुले गळताहेत, शेळ्या खाताहेत. धुरपताबाईंचे पुढचे वर्ष याच फुलांवर निघायचे आहे.

सबब, नोटीस आजच रद्द करावी व ठिपका माझ्या नावावर चढवावा. पंचनाम्यावरील सही माझीच आहे. तिच्या वरचे खोटे आहे. माझ्या पत्नी सौ. अर्पिता यांची हरकत नाही, किंबहुना मला हा अर्ज लिहायला त्यांनीच बसवले.

आपला नम्र व खजील,
कपिल पुंडलिकराव गावंडे
मोहझरी, दि. २ एप्रिल २०२५

सोबत :
१) गावजेवणाचे छायाचित्र. रोडगे वळताना धुरपताबाई; मागे ज्वाळा.
२) झाडू. हा धुरपताबाईंनी पुरावा म्हणून देऊ केला होता. परंतु उद्या पहाटे त्यांना लागेल, या आशेवर जोडलेला नाही.