जुन्या दोरावर

रेडिंग, इंग्लंड
दि. १४ जानेवारी २००१

ती. बाबांस,
मैत्रीचा सप्रेम जयभीम. वि. वि.

तुमचं पत्र काल मिळालं. मशीनची करवत चोरीला गेल्याचं तुम्ही चौथ्या पानावर, आईच्या गुडघ्यांनंतर आणि शेजारच्यांच्या बारशानंतर लिहिलंत, यावरूनच ती चोरी तुम्हाला किती लागलीय ते समजलं. उद्यान खात्यातली कायमची नोकरी सोडून तुम्ही आणि वैजनाथकाकांनी झाडं छाटायचा धंदा काढलात, तेव्हा लोक हसले होते. आता पुन्हा हसतील म्हणून तुम्ही गप्प असाल. पण तुम्ही दोघं औंधात चहा प्यायला गेलात आणि करवत उघड्या टेंपोत ठेवलीत, याला मी तरी काय म्हणू? त्याआधी तुमच्या दोन दोरांतला चांगला दोर गणपती मंडळाने मांडवासाठी नेला, तो अजून मांडवातच आहे.

असो. आमच्या ऑफिससमोर परवा दोन माणसं झाड छाटायला आली होती. मी जेवणाच्या सुट्टीत खाली जाऊन त्यांना दोर कुठला, पट्टा कुठला, सगळं विचारून घेतलं. कॉम्प्युटरवाल्या बाईला हे कशाला हवं, असं त्यांना वाटलं असणार. माझे वडील हेच काम करतात म्हटल्यावर त्यांनी दुकानाचा पत्ताच लिहून दिला. तिथून चढायचा दोर, कमरेला नि मांड्यांना बांधायचा पट्टा आणि हेल्मेट घेतलं आहे. आमच्या प्रोजेक्टमधला कात्रजचा संजय पुढच्या आठवड्यात सुट्टीवर येतोय, तो आणून देईल. त्यासाठी त्याने बॅगेतली अर्धी चॉकलेटं काढली, तेव्हा त्याला नीट जेवू घाला.

माझी एकच अट आहे. सामान कुलपात ठेवायचं आणि किल्ली तुमच्याच कमरेला. आई मागो, काका मागोत, कोणी मागो. तुम्ही भिडस्त आहात, म्हणून हे लिहावं लागतं. हेही गेलं तर पुन्हा मी काही पाठवणार नाही.

आईला जयभीम. लोभ आहेच, त्यात रागाची भर घालू नका.

आपली,
मैत्री


ताडीवाला रोड, पुणे
दि. ११ फेब्रुवारी २००१

चि. मैत्रीस,
बाबांचे अनेक आशीर्वाद.

संजय येऊन गेला. पोरगा गुणी आहे. तीन वेळा पोळी वाढून घेतली. त्यामुळे तुझी आई त्याच्यावर खूश आहे, तू सावध राहा.

तुझ्या हुकमाप्रमाणे कसबा पेठेतल्या एका लोहाराकडून लोखंडी पेटी करून घेतली. ती टेंपोच्या हौद्यात साखळीने बांधली आहे आणि किल्ली माझ्या करगोट्याला आहे. आंघोळीलाही काढत नाही.

वैजनाथने दोर हातात घेतला आणि बराच वेळ नुसता कुरवाळत बसला. म्हणाला, मी पंचविशीत असताना हा कुठं होता? पेटी पाहिल्यावर मात्र त्याची जीभ सुटली. आता म्हणतो, सीतारामनं नवी नवरी आणली, पण तिला उंबऱ्याबाहेर पडू देत नाही. बोलू दे. दोनदा दोर वापरला. एकदा उंबराचा चीक लागला, तो मी सबंध संध्याकाळ पुसत होतो. तुझी आई म्हणाली, पोरीचं नाक कधी एवढ्या मायेनं पुसलं नव्हतं.

खरं सांगू? कामावर गेलो की बंगलेवाले विचारतात, हे सामान कुठलं? माझी मुलगी इंग्लंडातून पाठवते, हे वाक्य म्हणायला मला फार आवडतं.

प्रकृतीला जप. थंडीत डोकं झाकत जा.

तुझा,
बाबा


ताडीवाला रोड, पुणे
दि. २२ मे २००१

चि. मैत्रीस,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तीन मिनिटांत सांगता येईना, म्हणून लिहितो. सतरा तारखेला प्रभात रोडवर गुलमोहराची फांदी उतरवताना वैजनाथ पडला. वीस फूट होतं. पाठीचा मणका गेला आहे. शुद्धीवर आहे, बोलतो, पण कमरेखाली काही कळत नाही. डॉक्टर आशा देत नाहीत.

मी परवानगीच्या कागदासाठी महापालिकेत गेलो होतो. किल्ली माझ्यापाशी. त्याने थांबायला हवं होतं. घाई केली आणि जुन्या नायलॉनच्या दोरावर चढला. दोर तुटला.

तुझी आई रोज दवाखान्यात डबा नेते. अधिक लिहवत नाही.

बाबा


रेडिंग
दि. ३ जून २००१

ती. बाबांस,
सप्रेम जयभीम.

तुमचं पत्र वाचल्यापासून माझं कामात लक्ष नाही. काकांनी मला खांद्यावर बसवून शेवग्याच्या शेंगा तोडायला शिकवलं. त्यांना दोर मिळाला नाही, कारण किल्ली कोणाला देऊ नका असं मी लिहिलं होतं. कोणाला म्हणजे काकांनासुद्धा, हेही मीच लिहिलं होतं. ते पत्र तुमच्याकडे असेल तर फाडून टाका.

एक विचारते. खाली माणूस उभा असल्याशिवाय वर चढायचं नाही, हा तुमचाच नियम. मग त्या दिवशी खाली कोण होतं?

मी काकांनाही पत्र टाकलं आहे. त्यांची माफी मागितली आहे.

तुमची,
मैत्री


मु. मांजरी
दि. ८ जुलै २००१

चि. मैत्रीस वैजनाथकाकाचा आशीर्वाद.

पोरी तुझं पत्र पोचलं. वाचून वाईट वाटलं. माफी कसली मागतीस? तू दोर धाडला तो जीव वाचावा म्हणून. मी आता घरी हाय. उताणा पडून असतो, आढ्याचे वासे मोजून झाले. तुझी काकू प्रेमला सगळं करती.

तुझा बाप त्या दिवशी हापिसात व्हता. खाली बंगल्याचा माळी उभा व्हता. मलाच दम निघाला नाही. चूक माझी हाय, तुझी न्हाई आन् त्याची बी न्हाई. त्याला काही विचारू नको. तो आधीच खंगलाय. दर रविवारी बसनं येतो आन् काही न बोलता बसून जातो.

तिकडं मन लावून काम कर. इकडची काळजी करू नको.

तुझा काका,
वैजनाथ


ताडीवाला रोड, पुणे
दि. २ सप्टेंबर २००१

चि. मैत्रीस,
अनेक आशीर्वाद.

तू दिवाळीला येणार नाहीस असं आईला फोनवर म्हणालीस. काकांसमोर कोणत्या तोंडाने उभी राहू, असं म्हणालीस. ते ऐकल्यापासून मला अन्न गोड लागत नाही. माझं पाप तू पांघरून बसली आहेस. म्हणून आज लिहितो.

त्या बंगल्याला माळी नव्हता. खाली मी उभा होतो.

कागद आदल्या दिवशीच मिळाला होता. झाडाखालच्या रस्त्यावर नुकतं डांबर टाकलेलं, उन्हाने पाघळलेलं. वैजनाथ म्हणाला, नवा दोर काढ. मी म्हणालो, डांबर लागलं तर जन्मात निघणार नाही. एकाच फांदीचं काम आहे, जुनाच घे. तो म्हणाला, ह्या दोराचा भरवसा वाटत नाही. मी म्हणालो, आजवर तुटलाय का? तो हसला, नवरीला जप म्हणाला आणि चढला. बेचक्यात दोर घासत होता, ते मला खालून दिसत होतं. हाक मारावी असं वाटलंही होतं. तेवढ्यात त्याने अंग झोकलं. दोर तुटल्याचा आवाज फार मोठा नव्हता.

रिक्षात त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. तशातही तो म्हणाला, तू हापिसात होतास असं सांग. नाहीतर तुला कोणी काम देणार नाही आणि प्रेमला तुला दारात उभं करणार नाही. मी बरं म्हणालो. नको म्हणायला हवं होतं, पण तोंडदेखलंसुद्धा म्हणालो नाही.

तू कुलूप लाव म्हणालीस ते चोरासाठी. तुझी वस्तू मी माणसाच्या वर ठेवली, हे तू सांगितलेलं नव्हतंस.

बाबा


रेडिंग
दि. १६ सप्टेंबर २००१

ती. बाबांस,
जयभीम.

चार कागद फाडले, हा पाचवा. मी रागावले आहे. तुम्ही खोटं लिहिलंत म्हणून, आणि तीन महिने मला त्यात राहू दिलंत म्हणूनही. आणि तरी तुम्ही एकटे त्या बसमधून मांजरीला जाताना डोळ्यांसमोर येता, तेव्हा रडू येतं.

प्रेमलाकाकूंना सांगा. पत्राने नाही, समोर बसून. काकांनी तुम्हाला वचनातून सोडलं नाही तरी सांगा.

मी दिवाळीला येते आहे.

मैत्री


ताडीवाला रोड, पुणे
दि. ८ ऑक्टोबर २००१

चि. मैत्रीस,
अनेक आशीर्वाद.

काल मांजरीला जाऊन आलो. त्याआधीचे दोन रविवार मी हडपसरला उतरून परत फिरलो होतो, तेही तुला कळावं.

वैजनाथ खाटेवर होता, प्रेमलावहिनी दारापाशी मेथी निवडत होत्या. मी बोलायला सुरुवात करताच वैजनाथने ओळखलं. मोठमोठ्याने उसाची गोष्ट काढली, यंदा पाणी कमी, कारखाना कधी सुरू होतोय. मी थांबलो नाही. डांबराचं सांगितलं, तो काय म्हणाला, मी काय म्हणालो ते सांगितलं.

वहिनी ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी हातातली जुडी खाली ठेवली. म्हणाल्या, भाऊजी, पाच महिने झाले. ह्यांना कुशीवर वळवताना बोलते, चादर काढताना बोलते, ताट देताना बोलते, की तुम्हाला कसली घाई झाली होती, अर्धा तास थांबवत नव्हतं का, सगळ्या घराला खाली पाडलंत. हे डोळे मिटून ऐकून घ्यायचे. एकदाही उलटून बोलले नाहीत. मला वाटायचं, चूक कळलीय म्हणून गप्प आहेत.

मग म्हणाल्या, पहिल्याच दिवशी सांगितलं असतं, तर मी ते सगळं तुम्हाला बोलले असते. तुम्ही चालत घरी गेला असता. ह्यांना कुठं जाता येत होतं?

मैत्री, दोर तुटला तो एका क्षणात. पण हे मी रोज करत होतो, दर रविवारी त्यांच्याच घरी त्यांचाच चहा पिऊन करत होतो. आपण गप्प राहिलो तर निदान आणखी कोणाचं वाईट होणार नाही, असं मी समजत होतो.

वैजनाथने माझ्याकडे पाहिलं नाही. मी इतकं झाकलं ते तू उघडं केलंस, एवढंच म्हणाला आणि मान भिंतीकडे वळवली. बावीस वर्षांत तो माझ्याशी असा कधी वागला नव्हता. मी पायरीवर जाऊन बसलो. मला ना कोणी जा म्हणालं, ना आत ये म्हणालं.

बस यायची होती म्हणून उठलो, तेव्हा एकदा आत पाहिलं. वहिनी खाटेच्या पायथ्याशी बसल्या होत्या. त्याचे पाय मांडीवर घेऊन चेपत होत्या. त्या पायांना काही कळत नाही, हे त्यांना माहीत आहे. तरी चेपत होत्या, आणि तो भिंतीकडे तोंड करून रडत होता.

पुढच्या रविवारी जाईन. दार उघडेल की नाही, सांगता येत नाही.

तू ये. माझ्यावरची माया कमी झाली असेल तर तसं सांग, पण ये.

तुझा,
बाबा