साठच्या खाली बाबा येतात

३ मार्च
डायबेटिस निघाला. डॉक्टरबाईंनी गोळी लिहून दिली आणि म्हणाल्या, पाव-बटाटा-साखर कमी करा. मी म्हणालो, कमी नाही, बंद. अर्धवट क्रांती मला मान्य नाही. पाऊण तास त्यांना हे पटवून दिलं. शेवटी त्या म्हणाल्या, बाहेर पेशंट खोळंबलेत.

६ मार्च
तीन दिवस अंडी आणि काकडी. शुगर ११२. माझा निश्चय म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

७ मार्च
२८६. वाचनालयाच्या सभेत बिस्किटं होती. पाच खाल्ली, तीही यजमानांची भीड म्हणून. बायको म्हणाली, यजमान तुम्हीच होतात.

८ मार्च, दुपारी ४
प्रायश्चित्त म्हणून जेवण गाळलं. गोळी मात्र घेतली. शिस्त म्हणजे शिस्त. हात कापायला लागले, शर्ट घामाने भिजला. मशीनवर ५४. आणि समोरच्या खुर्चीत बाबा. एका पायात बूट, दुसरा गुडघ्यापासून नाही. शेवटच्या वर्षी होते तसे. काही बोलणार, तेवढ्यात बायकोने माझ्या तोंडात साखरपाणी ओतलं. खुर्ची रिकामी.

९ मार्च
बाबांचाही हाच आजार. अकरा वर्षांपूर्वी हॉस्पिटलात मी त्यांना साखरेच्या दुष्परिणामांवर सुनावत होतो. ते दोनदा म्हणाले, अरे, जरा ऐक. माझे मुद्दे बाकी होते. ते संपले तेव्हा बाबा गेलेले होते. काय सांगायचं होतं त्यांना? आता कळेल.

१४ मार्च, दुपारी ४.१०
जेवण नाही. ५१. आले. ओठ हलले, ऐकू काही येईना. बायकोला सांगितलंय, हे इंटरमिटंट फास्टिंग आहे. तिचा विश्वास बसला.

१९ मार्च
४६. अक्षर वाकडं येतंय. आज बाबा बराच वेळ होते. मी शब्दही काढला नाही, आयुष्यात पहिल्यांदा नुसता ऐकत बसलो. त्यांनी सगळं सांगितलं. त्यातलं आठवत काहीच नाही; पण सांगितलं, हे नक्की.

२० मार्च
बायकोने डॉक्टरबाईंकडे नेलं. त्यांनी झाडलं आणि गोळी अर्धी केली. घरी आल्यावर बायको रडली. म्हणाली, एखाद्या दिवशी उठला नाहीत तर मी काय करू? तिला बाबांचं सगळं सांगितलं. काल ऐकलं, आता सुटलो, असंही म्हणालो. तिने डोळे पुसले. मग म्हणाली, अहो, काल मी साखरपाणी घेऊन शेजारी उभी होते. तुम्ही त्या खुर्चीपुढे भाषण करत होतात. ग्लास तोंडाला लावायला फट मिळेना.

बाई माणूस. घाबरली असेल, भास झाला असेल.

२७ मार्च, दुपारी ४
वेळेवर जेवण. आठवडाभर शुगर ११०च्या आसपास. डॉक्टरबाई खूश.
अर्धा तास खुर्चीसमोर तोंड मिटून बसलो. कोणी आलं नाही. शेवटी बायको येऊन तिथे बसली. म्हणाली, मला जरा बोलायचंय तुमच्याशी.
हात वर करून तिला थांबवलं. म्हटलं, आत्ता नको, मी ऐकतोय.