सुखवास कॉलनी, शेवटची गल्ली

४ ऑक्टोबर

लागलो एकदाचा कामाला! दिवाळीपुरतंच आहे, पण आहे. पाचोडहून पहिल्या एसटीनं निघालो, प्रेरणानं बांधून दिलेल्या दशम्या रस्त्यातच संपवल्या आणि चिकलठाण्याच्या गोदामावर सगळ्यांच्या आधी जाऊन उभा राहिलो. अभय सर म्हणून सुपरवायझर आहेत, वयानं माझ्यापेक्षा लहानच असतील. त्यांनी लायसन बघितलं, कंपनीचं निळं जाकीट अंगावर टाकलं आणि छोटा हत्ती टेम्पोची किल्ली हातात दिली. गावात ट्रॅक्टर चालवला, पिकअप चालवली, पण कंपनीची गाडी पहिल्यांदाच. आरशात स्वतःलाच दोनदा बघून घेतलं.

पहिला दिवस म्हणून सोबत सांडूमामा होते. सिल्लोडकडचे, पांढऱ्या मिशांचे, गोदामातले सगळ्यात जुने ड्रायव्हर. शहागंजात गाडी कुठं लावली की फळवाले शिव्या देत नाहीत ते त्यांनी दाखवलं. औरंगपुऱ्यात गाडी आत घालायचीच नाही, तोंडाशी उभी करून पार्सलं हातानं न्यायची, हे शिकवलं. आणि पत्ता सापडला नाही तर मोबाइलच्या नकाशाला नाही, चहावाल्याला विचारायचं म्हणाले. दुपारी त्यांच्याच डब्यात जेवलो. लई मायाळू माणूस.

ज्याची पार्सलं माघारी येत नाहीत त्याला दिवाळीनंतर कायम करतात. तसं झालं तर मुकुंदवाडीत खोली बघायची आणि बाळंतपणानंतर प्रेरणाला इकडंच आणायचं. तिला सहावा चालू आहे. दिवसभर फोनवर बोलणं व्हायचं नाही, म्हणून ही वही तिनंच दिली. रोजचं लिहून ठेवा, दिवाळीला मला वाचून दाखवा म्हणाली.

६ ऑक्टोबर

आज एकटाच. शहराच्या कडेच्या सातारा परिसराची लाइन मिळाली. सगळी पार्सलं वाटली, एकच राहिलं. सौ. दमयंती एवढंच नाव, आडनाव नाही. सुखवास कॉलनी, शेवटची गल्ली, पाण्याच्या टाकीमागं.

डोंगराच्या अंगाला टाकी लगेच दिसली. वळसा घालून मागं गेलो तर चांगली बंगल्यांची रांग. कुंपणावर बोगनवेल, दोऱ्यांवर वाळत घातलेले कपडे. दुपार असल्यानं सगळी दारं लावलेली. फोन लावला. बाईंचा आवाज गोड, शहरातल्या शिकलेल्या घरातला. बरोबर आलात म्हणाल्या, जरा पुढे या. पुढं गेलो. गल्ली संपली की वळण, वळणानंतर अशीच दुसरी गल्ली. त्या म्हणतच राहिल्या, अजून जरासं पुढे. शेवटी बघतो तर परत टाकीपाशी.

पार्सल माघारी आणावं लागलं. चपलांच्या खोक्याएवढं आहे, वजनाला अगदी हलकं. नवीन माणसाचं होतं असं, अभय सर म्हणाले.

८ ऑक्टोबर

तेच पार्सल परत माझ्याच गाडीत.

मामांचं ऐकून आज आधी चहावाल्याला विचारलं. तो म्हणाला, टाकीमागं काय नाय भाऊ, नुसता डोंगर. प्लॉट पाडलेत, दगड रोवलेत, राहत कुणीच नाही. मी म्हणालो, अरे, परवा मी बंगले बघून आलोय. गिऱ्हाईक उभं असताना त्यानं स्टोव्ह बंद केला आणि आत निघून गेला.

टाकीमागं गेलो तर बंगले होतेच. आज जरा नीट बघितलं. दोऱ्यांवरचे कपडे ओले होते, टपटप पाणी गळत होतं. पण कुठं कुत्रं नाही, कुकरची शिट्टी नाही, टीव्हीचा आवाज नाही. दारांवर पाट्या आहेत, पण लांबून वाचता येत नाहीत.

बाईंना फोन लावला. तुम्ही दिसताय मला, म्हणाल्या. निळं जाकीट छान दिसतं. मी सगळ्या गच्च्या बघितल्या. एकीवरही कुणी नव्हतं.

पार्सल माघारी.

९ ऑक्टोबर

आज मामांना सगळं सांगितलं. ऐकता ऐकता त्यांनी हातातला घास डब्यात ठेवून दिला.

मागच्या दिवाळीला कारभारी नावाचा एक पोरगा होता, कन्नडचा. त्यालाही मामांनीच तयार केलं होतं. त्याचं असंच एक पार्सल रोज माघारी यायचं. एक दिवस त्याची गाडी टाकीपाशी सापडली. इंजन चालू, दार उघडं, मागं सगळा माल जसाच्या तसा, फक्त एक पार्सल नाही आणि कारभारी नाही. पोरगा पळाला, असं म्हणून विषय मिटवला गेला. त्याचा बाप अजून मधून मधून गोदामावर येऊन बसतो.

मी म्हणालो, मामा, मग हे आहे तरी काय? मामा म्हणाले, "चकवा हाय लेका. तिथं आधी नुसतं रान व्हतं, रानात चकवा व्हताच. आता रानाचं प्लॉटिंग झालं, मग तो जाईल कुठं? त्यानं बी घर बांधलं."

हे बोलून हसले नाहीत. टाकीच्या मागं पुन्हा पाऊल टाकायचं नाही, अशी शपथ घ्यायला लावली. मी घेतली.

संध्याकाळी अभय सरांना म्हणालो, ती लाइन दुसऱ्या कुणाला द्या. ते म्हणाले, त्या बाईंची तक्रार आली आहे. एक पत्ता सापडत नसेल तर कायम करायचं नाव कशाला काढतोस?

११ ऑक्टोबर

शपथ मोडली. एकच खेप म्हणून गेलो. ऊन असं की टाकीकडं बघवत नव्हतं.

गल्लीत शिरताच फोन आला. मी लावला नव्हता. आज त्या अहो म्हणाल्या नाहीत. "विश्वजीत, दमलास का रे?" मनाशी म्हणालो, ड्रायव्हरचं नाव गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर दिसत असेल. तर पुढं म्हणाल्या, "प्रेरणाला सांगून निघालास ना?"

तिचं नाव गोदामावर मी कुणालाच सांगितलेलं नाही. मामांनासुद्धा नाही.

तेवढ्यात पुढं एक माणूस दिसला. आमचंच निळं जाकीट, पण उन्हानं पार विटलेलं. बगलेत खोकं. एकेका दारापाशी थांबायचा, पाटीजवळ तोंड न्यायचा, पुढच्या दाराकडं जायचा. मी हॉर्न दिला. हाक मारली, कारभारी! तो थांबला. वळला नाही. नुसता हात वर करून म्हणाला, "पुढंच आहे."

गाडी रिव्हर्स टाकली ती कुठं आपटतेय न बघता टाकी येईपर्यंत तशीच दामटली. आत चहा पिण्याएवढाही वेळ गेला नसेल. पण बाहेर दिवस मावळला होता. गोदामाचं शटर ओढत होते, मामा रस्त्यावर येरझाऱ्या घालत होते. मोबाइलवर प्रेरणाचे किती फोन येऊन गेलेले. तिला फोन लावला तर रडायलाच लागली. म्हणाली, तुम्ही दुपारी फोन उचलला होता, काहीच बोलत नव्हता, नुसतं पाणी टपकत होतं.

मामांनी माझं जाकीट काढून घेतलं. उद्या गावाकडं जा म्हणाले.

१२ ऑक्टोबर

सकाळी किल्ली परत करायला गेलो. अभय सर म्हणाले, माणसं कमी आहेत, आजचा दिवस काढ, मग खुशाल जा. लाइन शहागंजची दिली. सातारा परिसर नाही, ते पार्सलही नाही. गाडी मी स्वतः तपासली. मामांनीही तपासली. घड्याळाच्या मनोऱ्याशी भेटू, मग मीच तुला एसटीत बसवतो, म्हणाले.

शहागंजात माणसांत बरं वाटलं. आकाशकंदील, पणत्या, गाड्यांचे हॉर्न, कुणीतरी दख्खनीत भांडत होतं. मनोऱ्याजवळ डावीकडं वळलो.

आवाज बंद झाले.

समोर टाकी आहे. शेजारच्या सीटवर ते खोकं आहे.

तारीख बाराच असावी

माघारी वळलो. टाकी. पुन्हा वळलो. बंगले. आता टाकीही दिसत नाही.

मोबाइल बंद पडला. ऊन डोक्यावर आहे, गाडीची सावली चाकाखालीच आहे. मघापासून हललेली नाही.

ठरवलं आहे, गाडीतून उतरायचं नाही. काचा वर घेतल्या. वही काढून लिहीत बसलोय.

नंतर

इथं बरेच जण आहेत. कारभारी दोनदा जवळून गेला. खाकी कपड्यातला एक पोस्टमन, सायकल हातात धरून. डोक्यावर टोपली घेतलेला एक म्हातारा, पागोटं घातलेला. कधीचा असेल कोण जाणे. सगळे दारांवरच्या पाट्या वाचतात. पाट्या कोऱ्या आहेत, आता जवळून दिसतात.

सगळे एकाच दिशेला चाललेत. माघारी कुणी येत नाही. माझ्याकडं कुणी बघत नाही.

खोकं फोडलं. आत काही नाही.

—

काचेवर पाण्याचे थेंब. बाहेरून नाही. आतून.

—

मामा!

गल्लीच्या तोंडाशी सांडूमामा उभे आहेत. खरेच आहेत, घाम पुसतायत. त्यांच्यामागं मनोरा दिसतोय, रिक्षा दिसतायत. मला शोधत आलेत. अजून आत आलेले नाहीत. मी हॉर्न दाबला, वाजत नाही. काचेवर बुक्क्या मारतोय. त्यांचं लक्ष नाही —

मामांनी फोन कानाला लावला. मला त्यांचं बोलणं इथवर नीट ऐकू येतंय.

"विश्वजीत, कुठं हायस रं? ... व्हय, टाकी दिसली ... अजून पुढं? बरं, बरं, घाबरू नगं, आलो मी —"

माझा फोन बंद आहे. माझ्या मांडीवर आहे. मी नाही बोलत मामा तो मी नाही

दार उघडून ओरडतोय. एक पाय खाली टाकला. मामा, तिथूनच माघारी फिरा, पुढं येऊ न