डावा पाय

हिंगोली, मंगळवार, फेब्रुवारी २००९

माझ्या मर्जीविरुद्ध लग्न केलेली आमची संगीता परवा चार वर्षांनी घरी आली. मी खाटेवर बसलेलो. ती पाया पडायला वाकली आणि मी ओरडून पाय मागं ओढले. उजवा अंगठा लालभडक सुजलाय, चादरसुद्धा सहन होत न्हाई. पोरगी तशीच परत गेली.

आज सोनोग्राफी झाली. पडद्यावर हाडाच्या रेघेवर दुसरी पांढरी रेघ. डॉक्टर म्हणाले, गाऊट आहे, यूरिक ॲसिडचे कण साचलेत. खरं तर मला बरं वाटलं. आता पोरीला सांगता येईल!

हिनं लगेच फोन लावला. "अगं, बाबांचा अंगठा दुखून राहिला, म्हणून ओढला पाय."

फोन ठेवून ही माझ्याकडं न बघता म्हणाली, "ती म्हणते, दोन्ही ओढले."

हिला कसं सांगू? डॉक्टरांनी डावाही तपासला. त्यात काहीच निघालं न्हाई.